तीन दिवसांचं सुतक

परदेशातून अनाथ मुलांवर माया करायला जो कोणी येई, त्याला आमच्या बाई पहिल्याच दिवशी मराठी शिकवायला घेत. "मी थोडे दिवस आहे. मग जाणार. परत येणार नाही." एवढंच. गळ्यात कॅमेरा अडकवून, उन्हानं लाल झालेली ती मंडळी फाटकातून आत येत, आणि पाणी पिऊन होतं न होतं तोच हे वाक्य त्यांच्या गळ्यात पडे. सकाळी पेजेच्या वेळी पोरींसमोर उभं राहून ते म्हणायचं, चुकलं तर पुन्हा म्हणायचं. पोरी त्यांच्या उच्चारांना खिदळत. बाई हसत नसत. जायच्या दिवशी तेच वाक्य परत. कित्येकींना त्या वेळी रडू फुटे आणि वाक्य अर्धंच राही, पण बाई ते पुरं करून घेतल्याशिवाय सोडत नसत.

भांडुप आणि मुलुंडच्या मधे, रुळांच्या पूर्वेला, मिठागरांच्या कडेनं आमचं मुलींचं बालगृह होतं. आमच्या नाहूरला तेव्हा स्टेशन नव्हतं. भांडुपला उतरून चालत यावं लागे. आजूबाजूचे लोक त्याला आश्रम म्हणत आणि बाईंना आश्रमवाल्या बाई. मी तिथं शिकवायला गेले ती काही समाजसेवेच्या हौसेनं नाही. वडिलांची गिरणी संपात बंद पडली होती आणि घरात डी.एड. झालेली मी एकटीच. बाईंनी मुलाखतीत मला विचारलं, "लवकर रडतेस का गं?"

मी म्हटलं, "नाही."

"आलंच तर मोरीत जाऊन रडायचं. पोरींसमोर नाही. उद्यापासून ये."

झाली मुलाखत.

बाई बुटक्या, रुंद हाडाच्या. ऑफिसातली खुर्ची संचालक मंडळींसाठी आहे म्हणून त्या कधी तिच्यात बसल्या नाहीत. सगळा कारभार उभ्यानं, नाहीतर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. पोरींना त्यांनी कधी कुरवाळलेलं मी पाहिलं नाही. मात्र रोज संध्याकाळी प्रत्येकीचं डोकं हुंगत. ऊ, ताप, दुपारी कोपऱ्यात बसून रडणं, सगळं डोक्याच्या वासावरून कळतं म्हणायच्या. मला ते थोतांड वाटायचं. पोरी मात्र त्यासाठी रांगेत ढकलाढकली करत, आणि ज्यांचं हुंगून झालंय त्या परत शेवटी जाऊन उभ्या राहत.

आणि बाई पोरींशी खोटं बोलत नसत. कधीच नाही. नवी आलेली पोर पहिल्या आठवड्यात विचारतेच, "माझी आई येणार?" आम्ही बाकीच्या काहीतरी सारवासारव करायचो, येईल गं, तू आधी जेव. बाई म्हणत, "नाही येणार. जेव." ती पोर भोकाड पसरायची. बाई तिच्या ताटासमोर ती जेवेपर्यंत बसून राहत. मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, अहो, एवढंसं लेकरू, जरा गोड बोललात तर काय वाट लागणार आहे?" तर म्हणाल्या, "गोड बोलूनच सोडून गेलेत ना तिला सगळे? इथं तरी कुणाच्या शब्दावर तिनं पाय ठेवला तर तो खचायला नको."

पाहुण्यांना दुसरा नियम म्हणजे पोरींना उचलायचं नाही. मांडीवर घ्यायचं नाही, पापे घ्यायचे नाहीत, एकीला वेगळं चॉकलेट तर नाहीच नाही. मग करायचं काय? तर मोऱ्या धुवायच्या, टाकी घासायची, चादरी पिळायच्या. एक गोरी पोरगी एकदा हमसाहमशी रडली, की मी एवढ्या लांबून या मुलांना प्रेम द्यायला आले आहे. बाई मराठीतच म्हणाल्या, "प्रेम आमच्या मावशी देतात. तू संडास धू." संचालकांना हे अजिबात आवडत नसे. तिकडून ब्लँकेटं येत, दुधाची पावडर येई. पण एवढ्याशा पगारात मिठागरांशेजारी राहायला दुसरी बाई मिळत नव्हती, त्यामुळे कोणी फार बोलत नसे.

उचलायचं नाही हा नियम कुठून आला, ते मला मावशींनी सांगितलं. मावशी म्हणजे आमच्या स्वयंपाकीणबाई, मालवणकडच्या. बाई नवीन होत्या तेव्हाची गोष्ट. तिकडची एक नर्स आली होती, मायाळू, आणि एक दीड वर्षाचं पोर दिवसभर तिच्या कडेवर असायचं. नर्स मुदत संपल्यावर गेली. "त्या दिसापासून ता चेडू दाराकडे बघीत ऱ्हवला," मावशी म्हणाल्या. "दूद घेयना, पेज घेयना. डाक्तर म्हणता काय झाला नाय. आणि एक दिस गेलाच गो ता."

तेव्हापासून मी पाहुण्यांच्या बाबतीत बाईंशी भांडले नाही.

अशात लांब्या आला. खरं नाव आमच्या कोणाच्या जिभेला वळलं नाही, आणि उंचीला दाराची चौकट पुरत नसे, म्हणून लांब्या. नकाशात अगदी वरच्या टोकाला असलेल्या कुठल्याशा थंड देशातला, चोवीस-पंचवीसचा, सुतारकाम शिकलेला. त्यानं पहिल्याच सकाळी ते वाक्य न चुकता म्हटलं आणि खिडक्या दुरुस्त करायला लागला. पोर येऊन पायाला बिलगली की तो दोन्ही हात वर करून निमूट उभा राही, ती कंटाळून जाईपर्यंत. कितीही वेळ लागो. इतका नियम पाळणारा पाहुणा आम्ही पाहिला नव्हता. बाई लांबून बघत असायच्या. एक दिवस त्यांनी आपल्या स्वतःच्या पेल्यातून त्याला चहा दिला, तेव्हा मावशींनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

आता भाऊबीजेचं सांगायला हवं. पूर्वी बीजेला संचालकांची मुलं येत, पोरी त्यांना ओवाळत, फोटो निघत. बाईंनी ते बंद केलं. भाऊ हा काही वर्षातून एकदा फोटोपुरता आणायची वस्तू नाही म्हणाल्या. आपल्याकडे ज्या मुलीला भाऊ नाही ती बीजेच्या चंद्राला ओवाळते. आमच्या सगळ्याच पोरी तशा. म्हणून बीजेला दिवेलागणीला आम्ही गच्चीवर जायचो. ती कोर नखाएवढी. कारखान्यांच्या धुराड्यांवर जरा वेळ दिसते आणि डोंगराआड जाते, त्यामुळे फार घाई करावी लागे. बाईंचा स्वतःचा सख्खा भाऊ चेंबूरला राहायचा, पण बीजेला त्या कधी गेल्या नाहीत. ह्यांना चंद्राच्या हवाली करून मी भावाकडे जेवायला जाऊ का, म्हणायच्या.

त्या वर्षी चंद्र दिसेना. धूर होता की ढग, कोण जाणे. पोरी निरांजनाभोवती हात धरून ताटकळल्या. लांब्या तिथंच टाकीला डांबर लावत होता. मंदा नावाची आमची आठ वर्षांची एक पोर, शेंबडी, हट्टी, वर्गात माझा जीव खाणारी. तिनं आकाशाकडे बघितलं, लांब्याकडे बघितलं, आणि विचारलं, "बाई, चंद्र नाही आला तर हा चालेल?"

आम्ही सगळ्या बाईंच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग त्या म्हणाल्या, "चालेल. बस रे खाली."

त्याच्या डोक्यावर त्यांनी आपल्या हातातला नॅपकिनच टोपीसारखा ठेवला. तो गुडघे कानाशी घेऊन बसला, आपलं काय होतंय याचा पत्ता नसलेला, हसत. मंदानं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. "ओवाळणी घाल, ओवाळणी," पोरी ओरडल्या. कुणीतरी खुणेनं सांगितलं तेव्हा त्यानं खिसे चाचपले आणि आपली सुतारकामाची घडीची पट्टी ताटात ठेवली.

मी नंतर बाईंना विचारलं, असं कसं केलंत? "इतक्या महिन्यांत त्यानं एकाही पोरीला हात लावला नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, ह्याला ओवाळलं तर काय बिघडणार आहे?"

माघात लांब्या गेला. पोरींसमोर उभा राहिला आणि सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत ते वाक्य म्हणाला. बाकीच्या रडल्या. मंदा पट्टीनं बाकाची लांबी मोजत बसली होती. मी जवळ जाऊन विचारलं, "मंदे, ऐकलंस ना तो काय म्हणाला?"

"ते सगळ्या पाहुण्यांना म्हणावं लागतं," ती म्हणाली. "दादा पाहुणा थोडाच आहे? बीजेला येईल."

पुढच्या बीजेला आकाश लख्ख होतं. कोर अशी स्पष्ट की धुराड्यांच्याही वर. सगळ्या पोरींनी ओवाळलं. मंदा आपलं वेगळं ताट मांडून पाटासमोर बसली होती, पाट रिकामा. "मला भाऊ आहे, मी कशाला चंद्राला ओवाळू?" बाई तिच्याजवळ बसल्या आणि स्वच्छ म्हणाल्या, "तो येणार नाही, मंदा." मंदा म्हणाली, "यंदा नाही जमलं त्याला." आयुष्यात पहिल्यांदा एका पोरीनं बाईंचा शब्द मानला नाही.

उन्हाळ्यात सांगलीकडचं एक शिक्षक जोडपं आलं. चाळिशी उलटलेली, मूलबाळ नाही. तान्हं सांभाळायचं वय गेलं, जरा मोठी मुलगी द्या म्हणाले. असं कोणी म्हणत नाही. लोकांना तान्हं हवं असतं, तेही गोरं. त्यांनी मंदाला बघितलं आणि त्या शिक्षिका पायरीवर बसून तिच्या केसांना तेल लावायला लागल्या. मंदा तासभर मान खाली घालून बसली, हूं की चूं नाही. दोन-तीनदा ती दोघं येऊन गेली, दर वेळी मंदा फाटकाशी आधीच उभी. पण न्यायचं ठरलं तेव्हा तिनं खांबाला मिठी मारली.

"मी गेले आणि दादा आला तर? त्याला कसं कळणार मी कुठं आहे ते?"

चार दिवस हाच पाढा. ती दोघं मुलुंडला नातेवाइकांकडे उतरली होती आणि त्यांना शाळेसाठी परत जायचं होतं. रविवारी सांगा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो, शिक्षक म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. मंदा नऊची. आणखी दोन वर्षांनी तिला नियमाप्रमाणे मोठ्या मुलींच्या सरकारी गृहात पाठवावं लागलं असतं. तिथं गेलेल्या आमच्या पोरी कधीमधी बाईंना भेटायला येत, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

शनिवारी सकाळी बाईंनी मंदाला स्वयंपाकघरात बोलावलं. मावशी तांदूळ निवडत होत्या, मी दारात होते. बाई उभ्याच होत्या.

"मंदा, तुझा दादा वारला."

मावशींच्या हातातलं सूप थांबलं.

"कशानं?"

"तिकडे थंडी फार असते. आजारी पडला."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगते आहे ना?"

मंदानं मान हलवली. झालं. बाई कधी खोटं बोलत नसत, त्यामुळे पुढं विचारण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नाही. ती रडली पण नाही. म्हणाली, "बाई, मला सुतक आहे का?"

ज्या पोरीला जगात कुणीच नाही, ती विचारत होती सुतक आहे का. मला मोरी गाठायची होती, पण मी दारातच थांबले. बाईंचा चेहरा मी बघत होते. नाही म्हणाल्या असत्या तर तो भाऊच नव्हता असं झालं असतं.

"आहे," बाई म्हणाल्या. "दूरदेशीचं आहे, उशिरा कळलं. तीन दिवस पाळायचं."

मग त्यांनी ते पाळलं. मंदाला नळाखाली बसवून स्वतः डोक्यावरून पाणी घातलं. तीन दिवस तिचं अंथरूण वेगळं, देवापाशी जायचं नाही, गोड खायचं नाही. बाईंनीही गोड खाल्लं नाही, त्यांचा चहा बिनसाखरेचा. सांगलीच्या जोडप्याला त्यांनी सांगितलं, तीन दिवस थांबा, तिचा भाऊ गेला आहे. त्यांना वाटलं सख्खा भाऊ. बाईंनी वाटू दिलं. त्या शिक्षिकेनं रविवारी मुलुंडहून डब्यात पिठलं-भात आणला, सुतकाच्या घरी शेजारपाजारचे देतात तसा, आणि मंदाला कालवून भरवला. तिचा घास मंदानं घेतला.

तिसऱ्या दिवशी मंदानं भाताचा गोळा मागितला आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवला. कावळा लगेच आला आणि उचलून गेला.

"कावळो शिवलो गो बाय," मावशी तिला जवळ घेत म्हणाल्या. "दादाची तुझ्या काय इच्छा ऱ्हवली नाय हां." आणि मान वळवून डोळ्यांना पदर लावला. मावशींना सगळं ठाऊक होतं, तरी त्या खऱ्याच रडत होत्या.

मला बाईंचा राग आला. अजूनही येतो. आणि तरी, त्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मंदा चौथ्या दिवशी त्या शिक्षिकेचं बोट धरून गेली. बाईंनी तिचं डोकं हुंगलं आणि "ठीक आहे" म्हणून आत गेल्या.

त्याच वर्षी, बीजेच्या दिवशी सकाळी, फाटकाशी लांब्या उभा होता.

दाढी वाढलेली, हातात एक छोटी लाकडी पेटी, मंदासाठी स्वतः केलेली. त्याच्या गावात एक मराठी डॉक्टरबाई होत्या. त्यांच्याशी बोलता बोलता त्यानं गच्चीवरची गंमत सांगितली, तर त्यांनी त्याला त्या ओवाळण्याचा अर्थ समजावून सांगितला. तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नव्हतं, तो म्हणाला. गेल्या वर्षी येणं जमलं नाही, म्हणून यंदा आलो. कुठाय ती?

बाई बाहेर आल्या आणि त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागल्या, अगदी सफाईदार. इतक्या वर्षांत आम्ही त्यांच्या तोंडून इंग्रजी ऐकलं नव्हतं. त्यांनी काही लपवलं नाही. मुलगी चांगल्या घरी गेली, जात नव्हती, म्हणून मी तिला तू मेलास असं सांगितलं. तिनं तुझं सुतक पाळलं. सुतक म्हणजे काय तेही त्यांनी त्याला सांगितलं.

लांब्या पायरीवर बसला. पेटी मांडीवर घेऊन म्हणाला, "मला तिला भेटायला नको. तिच्या घराचा पत्ताही नको. फक्त मी जिवंत आहे एवढं तिला सांगा."

"सांगते," बाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्या एस.टी.नं सांगलीला गेल्या. आश्रम सोडून बाई रात्रभर बाहेर राहिल्याचं मला दुसरं आठवत नाही. पोरी गच्चीवर माझ्याबरोबर गेल्या, आणि डोकी हुंगायला कुणी नव्हतं म्हणून कुरकुरत झोपल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या. लांब्या सकाळपासून पायरीवर होता, तो उठून उभा राहिला. बाई त्याच्या शेजारी चक्क खाली बसल्या, म्हणून तोही बसला. मी आणि मावशी दारात. बाई इंग्रजीतच बोलत होत्या, मी मराठीत सांगते.

"मंदा बरी आहे. अंगानं भरली आहे. सायकल शिकते. त्यांना आई म्हणते."

"सांगितलंत?"

"सांगायला बसलेच होते. तेवढ्यात तिची आई म्हणाली, बरं झालं आलात, भावाची तिथी काय ते विचारायचं होतं. यंदा पितृपक्षात त्याच्या नावानं पान ठेवायचं राहिलं, आणि बीजेला पोर त्यावरून दिवसभर जेवली नाही. पुढच्या वर्षी चुकायला नको. तो बाप वही-पेन घेऊन आला. मंदा माझ्याकडे बघत होती."

"मग?"

"सर्वपित्री अमावास्या सांगितली. तिथी माहीत नसते त्यांचं त्या दिवशी करतात."

मावशींना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. पान म्हणजे काय, लांब्यानं विचारलं. बाईंनी सांगितलं, की केळीच्या पानावर जेवण वाढून बाहेर ठेवतात, आणि गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते आठवणीनं वाढतात. "मंदानं आईला सांगून ठेवलंय," बाई म्हणाल्या, "दादाला गूळ-शेंगदाणे आवडायचे."

तो त्या पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला.

"हो," शेवटी म्हणाला. "आवडतात."